विजेच्या सायकलीची विजेरी : बांधणी आणि जबाबदारी

(शिक्रापूर येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



माहिती खात्याचा अधिकारी बोलावयास उभा राहिला की श्रोत्यांची एक समजूत असते. आता योजनांची यादी वाचली जाणार, आकडे सांगितले जाणार आणि शेवटी सहकार्याचे आवाहन होणार! आज मी यादी आणलेली नाही. आकडे मात्र आणले आहेत. ते कोणत्याही अहवालातील नसून एका सायकलीचे आहेत आणि ते पाटीवर खडूने मांडता येतील एवढे लहान आहेत. मी कला शाखेचा पदवीधर आहे. विद्युतशास्त्राचा माझा अभ्यास शाळेत संपला होता. वयाच्या पंचेचाळिशीत तो पुन्हा का सुरू करावा लागला, त्याचे कारण मी या भाषणाच्या ओघात आपणापुढे ठेवणार आहे. ते सांगताना मला संकोच वाटेल, परंतु ते सांगितल्यावाचून या विषयावर बोलण्याचा अधिकार मला पोहोचत नाही.

शिक्रापूरचे स्थान आपणांस मी सांगावयास नको. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणारा महामार्ग, ज्याला आपण सारे अजून नगर रोड म्हणतो, आणि चाकणकडे जाणारा रस्ता येथेच मिळतात. एका बाजूस सणसवाडी व कोरेगाव भीमा, दुसऱ्या बाजूस रांजणगावची औद्योगिक वसाहत. पहाटेच्या पाळीला निघालेला कामगार, दुधाच्या किटल्या नेणारा शेतकरी आणि तळेगाव ढमढेरेच्या बाजूने येणारे विद्यार्थी एकाच वेळी या चौकात येतात. अशा गावात विजेवर चालणारी सायकल लोकप्रिय होणे स्वाभाविक आहे. पेट्रोलचा खर्च वाचतो, धूर होत नाही आणि घरच्या प्लगवर ती भरता येते. राज्य शासनाने २०२१ मध्ये विद्युत वाहनांचे धोरण जाहीर केले, २०२५ मध्ये नव्या धोरणास मंजुरी दिली. जानेवारी २०२० मध्ये विजेवरची ‘चेतक’ बाजारात आली, तिची निर्मिती प्रथम आपल्या शेजारच्या चाकण येथे झाली. म्हणजे हे युग आपल्या उंबरठ्यावर येऊन ठेपले आहे.

तथापि, वाहन जुने झाले की प्रश्न उभा राहतो तो विजेरीचा. विद्युत सायकलीच्या किमतीतील मोठा वाटा विजेरीचा असतो आणि सर्वांत आधी थकते तीही विजेरीच. मूळ कंपनीची विजेरी महाग वाटते, कित्येकदा ती मिळतही नाही. मग एखादा हुशार तरुण म्हणतो, “सुटे सेल आणून मीच बांधतो.” या वाक्यात उद्यमशीलता आहे आणि धोकाही आहे. दोन्हींचा विचार करण्यासाठी आपण येथे जमलो आहोत.

विजेरीचा पूर्वेतिहास

विजेरी ही काही कालची वस्तू नव्हे. इटलीतील व्होल्टा याने १८०० मध्ये पहिला विद्युतघट-स्तंभ रचला. फ्रान्समधील प्लांते याने १८५९ मध्ये शिसे व आम्ल यांची पुन्हा भरता येणारी विजेरी बनविली. आपल्या ट्रॅक्टरमध्ये आजही तिचीच वंशज आहे. महाराष्ट्रात विजेवरच्या हलक्या वाहनांचे एक उल्लेखनीय काम फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत झाले. तेथे डॉ. अनिल राजवंशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सायकल-रिक्षा ओढणाऱ्याचे कष्ट कमी व्हावेत म्हणून विजेवर चालणारी रिक्षा विकसित केली. ती शिसे-आम्ल विजेरीवर चालणारी होती. त्या काळी दुसरा व्यवहार्य मार्गही नव्हता.

शिशाची अडचण वजनाची आहे. सायकलीला लागणारा ३६ व्होल्ट, १२ अ‍ॅम्पिअर-तासांचा शिशाचा संच सुमारे बारा किलो भरतो. तितक्याच शक्तीचा लिथियमचा संच तीन-साडेतीन किलोत बसतो. लिथियम-आयन विजेरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि तिच्या पायाभूत संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. थोड्या वजनात पुष्कळ शक्ती साठविणे हा तिचा गुण आहे. पण जेथे पुष्कळ शक्ती थोड्या जागेत कोंडलेली असते, तेथे ती एकदम सुटण्याचे भयही असते. बारूद आणि ऊस या दोहोंतही शक्ती आहे, परंतु दोन्ही एकाच कोठीत आपण ठेवीत नाही.

आधी हिशेब, मग खरेदी

विजेरीची रचना दुकानात सुरू होत नाही. ती कागदावर सुरू होते. एक उदाहरण घेऊ. एका कामगारास घरापासून कारखान्यापर्यंत जाऊन-येऊन २४ किलोमीटर जावयाचे आहे. त्याच्या सायकलीची मोटर २५० वॉटची आहे. पायडल मारत साधारण वेगाने गेल्यास अशी सायकल किलोमीटरला सुमारे १२ वॉट-तास ऊर्जा घेते, असे धरून चालू. वारा समोरून असेल, ओझे असेल किंवा पायडल मुळीच मारले नाही, तर ती अधिक लागेल.

२४ गुणिले १२ म्हणजे २८८ वॉट-तास. ही झाली रोजची गरज. पण विजेरी तळापर्यंत रिती करणे हे विहिरीचा गाळ उपसण्यासारखे आहे. पाचवा हिस्सा शिल्लक राहावा असे धरले, तर २८८ भागिले ०.८, म्हणजे ३६० वॉट-तास हवेत. पुन्हा, विजेरी वयानुसार झिजते. तिची धारणा मूळच्या ऐंशी टक्क्यांवर आली तरीही माणूस घरी पोहोचला पाहिजे. म्हणून ३६० भागिले ०.८, म्हणजे ४५० वॉट-तास. ही आपल्या विजेरीची योग्य क्षमता ठरली.

आता घट. बाजारात सर्वांत परिचित असलेला दंडगोलाकार सेल १८ मिलिमीटर व्यासाचा व ६५ मिलिमीटर लांबीचा असतो, म्हणून त्याला ‘१८६५०’ म्हणतात. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या अशा एका घटाचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट असतो. त्याची धारणा २.५ अ‍ॅम्पिअर-तास असेल, तर एका घटात ९ वॉट-तास झाले. ४५० भागिले ९ म्हणजे ५० घट. मोटरला ३६ व्होल्ट हवेत, तर दहा घट एकामागे एक, म्हणजे एकसर जोडावे लागतील. ५० घटांचे असे दहा गट पडतील आणि प्रत्येक गटात पाच घट समांतर जोडलेले असतील. एकसर जोडणीने व्होल्ट वाढतात, समांतर जोडणीने अ‍ॅम्पिअर-तास वाढतात. आपला संच झाला ३६ व्होल्ट, साडेबारा अ‍ॅम्पिअर-तास.

शिक्षक मित्रांनी हे गणित सातवी-आठवीच्या वर्गात अवश्य द्यावे. यात गुणाकार आहे, भागाकार आहे, टक्केवारी आहे आणि उत्तर चुकले तर काय होते याचा प्रत्यक्ष अर्थही आहे.

एक पडताळा अजून राहिला. मोटरचे नियंत्रक यंत्र चढावर जास्तीत जास्त १५ अ‍ॅम्पिअर प्रवाह ओढत असेल, तर तो पाच समांतर घटांत विभागून प्रत्येकाच्या वाट्यास ३ अ‍ॅम्पिअर येतो. निवडलेला घट हा भार सतत सोसू शकतो काय, हे त्याच्या उत्पादकाने दिलेल्या माहितीपत्रकात पाहावयाचे असते. सोसू शकत नसेल, तर समांतर घटांची संख्या वाढवावी किंवा दुसरा घट निवडावा. ‘चालून जाईल’ हा शब्द येथे चालत नाही.

घटांची निवड

लिथियमचे घट एकाच जातीचे नसतात. वर सांगितलेल्या प्रकारात शक्ती अधिक मावते, पण तो उष्णतेला तुलनेने लवकर शरण जातो. दुसरा प्रकार लिथियम-लोह-फॉस्फेटचा. हे द्रव्य अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात गुडइनफ यांच्या गटाने १९९० च्या दशकात पुढे आणले. त्याचा घट ३.२ व्होल्टचा असतो. म्हणून तेवढ्याच दाबासाठी दहाऐवजी बारा घट एकसर लागतात आणि त्यांची बेरीज ३८.४ व्होल्ट होते. हा संच काहीसा जड व मोठा होतो. मात्र तो अधिक तापमानापर्यंत स्थिर राहतो आणि अधिक वेळा भरता-वापरता येतो. आपल्याकडचा उन्हाळा आणि पत्र्याच्या छपराखाली उभी राहणारी वाहने लक्षात घेता, किलोभर वजन अधिक सोसूनही मी लोह-फॉस्फेटची शिफारस करीन.

या दोन प्रकारांतील एक फरक आपण विशेष ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. पहिल्या प्रकारचा घट पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर थांबावयास हवा. दहा घटांचे मिळून ४२ व्होल्ट. लोह-फॉस्फेटचा घट ३.६५ व्होल्टवर थांबतो. बारा घटांचे मिळून ४३.८ व्होल्ट. बाजारात मात्र दोन्ही संचांवर ‘३६ व्होल्ट’ असेच छापलेले आढळते.

घट कोणत्याही प्रकारचे असोत, ते नवे, एकाच उत्पादकाचे आणि एकाच खेपेतील असावेत. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल स्वस्त मिळतात. त्यांचे वय, त्यांनी सोसलेला ताप, त्यांचा अंतर्गत रोध यांची नोंद कोणाकडेही नसते. बैलजोडीत एक बैल थकलेला असला की दुसऱ्यानेही त्याच्याच पावलाने चालावे लागते. विजेरीचेही तसेच आहे. पाचांच्या गटातील एक घट निकामी झाला, तर त्या गटाची धारणा साडेबाराऐवजी दहावर येते आणि उरलेले नऊ गट धडधाकट असूनही सबंध संच दहाचाच राहतो. शिवाय तो दुबळा गट भरताना सर्वांच्या आधी भरतो आणि वापरताना सर्वांच्या आधी रिता होतो. धोक्याचा आरंभ तेथूनच होतो.

रखवालदाराचे काम

हा धोका ओळखण्यासाठी विजेरीत एक इलेक्ट्रॉनिक मंडल बसवितात. त्याला बॅटरी व्यवस्थापन यंत्रणा, व्यवहारात बी.एम.एस., असे म्हणतात. ते प्रत्येक गटाचा दाब स्वतंत्रपणे मोजते. कोणताही एक गट मर्यादेपलीकडे भरू लागला तर भरणे थांबविते, मर्यादेखाली गेला तर वापर थांबविते. प्रवाह फार वाढला, शॉर्ट सर्किट झाले किंवा तापमान चढले, तर संचाचा संबंध तोडते. चांगली यंत्रणा गटागटांतील फरकही हळूहळू समान करते. तिच्या जोडीला एक साधा फ्यूज असावाच. दोन रखवालदार असले म्हणून घरधन्याचे काही बिघडत नाही.

बांधणीची रीतही सांगतो. घट एकमेकांना चिकटवून न बसविता प्लॅस्टिकच्या धारकात थोडे अंतर राखून बसवावेत. समांतर जोडण्यापूर्वी सर्वांचा दाब सारखा असल्याची खात्री करावी, नाहीतर जोडताक्षणीच भरलेल्या घटातून रित्या घटाकडे मोठा प्रवाह धावतो. जोडणीसाठी निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने लावावी. घटावर थेट झाळ देऊ नये, कारण त्या उष्णतेने आतील पातळ विलगक पापुद्रा दुखावतो. हाच पापुद्रा धनाग्र व ऋणाग्र यांना वेगळे ठेवतो. घटाच्या धन टोकाभोवती विद्युतरोधक कागदी चकती असावी. तारा एकमेकींवर घासू नयेत, कारण गतिरोधकावरचा प्रत्येक धक्का त्यांना थोडे-थोडे सोलत असतो. पेटी पाणीबंद हवी. पावसाळ्यात वेळ नदीच्या पुलावरून भिजत जाणाऱ्या सायकलीची विजेरी कापडी पिशवीत असून कशी चालेल? संपूर्ण काम करताना हातातील अंगठी-कडे काढून ठेवावे, कोरडा मोजा घालावा, आणि ज्याने हे काम कोणा जाणकाराच्या हाताखाली केलेले नाही त्याने ते एकट्याने मुळीच करू नये.

घरातील एक प्रसंग

आता मी जे सांगणार म्हणालो होतो, ते सांगतो.

माझा पुतण्या एका कारखान्यात पाळीने काम करतो. त्याच्या विद्युत सायकलीची विजेरी निकामी झाली, तेव्हा त्याने एका दुकानातून वापरलेले सेल आणले आणि मित्राच्या मदतीने संच बांधला. त्यात दहा गट होते आणि बी.एम.एस.ही होते. मला त्याचे मोठे कौतुक वाटले. चारचौघांत मी ते बोलूनही दाखविले. आमच्या घराण्यात हातात पक्कड धरणारा तो पहिलाच!

काही आठवड्यांनी तो म्हणाला, “काका, बी.एम.एस. सारखं चार्जिंग तोडतंय. पुरतं भरूच देत नाही.” त्याने आणि त्याच्या मित्राने उपाय काढला. चार्जिंगच्या तारा बी.एम.एस.ला वळसा घालून थेट संचाला जोडल्या. विजेरी भरू लागली. रखवालदार ओरडत होता की एक गट दुबळा आहे, सांभाळा! त्याचे ऐकण्याऐवजी आम्ही त्यालाच गप्प केले.

पुढे त्याचा चार्जर बिघडला. माझ्याकडेही विजेची सायकल आहे, तिची विजेरी लोह-फॉस्फेटची. मी माझा चार्जर त्याला दिला. त्यावर ‘३६ व्होल्ट’ लिहिलेले होते, त्याच्या विजेरीवरही तसेच लिहिलेले होते. प्लग बिनचूक बसला. माझा चार्जर ४३.८ व्होल्टचा होता आणि त्याचा संच ४२ व्होल्टवर थांबणे आवश्यक होते. फरक १.८ व्होल्टांचा! प्रत्येक गटाच्या वाट्यास सरासरी ४.३८ व्होल्ट आले. दुबळ्या गटाला किती आले असतील, याची कल्पना करा.

मे महिन्याची रात्र होती. सायकल पडवीत होती, आणि पडवीला लागून असलेल्या खोलीत माझी वृद्ध आई झोपली होती. शेजारच्या घरातील माणसास उकाड्याने झोप नव्हती. त्याला फटाक्यासारखा आवाज ऐकू आला, म्हणून तो धावला. धूर एवढा दाट होता की पडवीतून वाट राहिली नव्हती. आईला मागच्या दाराने काढले. पडवीचे दोन खांब आणि सायकल जळाली. आईचा घसा व छाती पुढे पंधरा दिवस धरून होती. तिने एकदाच विचारले, “ते यंत्र कुणाचं होतं?” तो चार्जर मी दिला होता, हे तिला मी त्याच दिवशी सांगितले. पुतण्याला दोष देणे सोपे होते आणि घरात तसे बोलणेही झाले. परंतु त्याचे शिक्षण अपुरे होते म्हणावे, तर माझे त्याहून अपुरे होते. त्याने निदान रखवालदार बसविला होता. मी डोळे मिटून चार्जर दिला.

त्यानंतर मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील एका निदेशकांकडे जाऊन बसलो आणि आज पाटीवर मांडलेला हा हिशेब शिकलो.

आग का लागते

घट मर्यादेपलीकडे भरला, चेपला किंवा आत शॉर्ट सर्किट झाले की त्याचे तापमान वाढते. विशिष्ट तापमानानंतर आतील रासायनिक क्रियाच उष्णता निर्माण करू लागतात. त्या उष्णतेने क्रिया अधिक वेग घेते आणि हे चक्र बाहेरून थांबविता येत नाही. आतील द्रव ज्वालाग्राही असतो, बाहेर पडणारा वायू विषारी असतो. एका घटाची उष्णता शेजारच्या घटाला पेटविते. मघाशी घटांमध्ये अंतर राखण्याविषयी सांगितले, ते याचसाठी.

ही केवळ आमच्या घरची गोष्ट नव्हे. २६ मार्च २०२२ रोजी पुण्यातील लोहगाव भागात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या विद्युत स्कूटरने पेट घेतला. त्याच सुमारास तमिळनाडूतील वेल्लोर येथे घरात भरत ठेवलेल्या वाहनाच्या आगीत पिता व कन्या यांचा मृत्यू झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये वसई येथे घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या विजेरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा दगावला. यांतील वाहने कारखान्यात तयार झालेली होती. मग हातबांधणीच्या संचाबाबत किती सावध राहिले पाहिजे!

या घटनांनंतर केंद्र शासनाने तज्ज्ञ समिती नेमली आणि दुचाकी-तिचाकी विद्युत वाहनांच्या विजेऱ्यांसाठीचे ‘ए.आय.एस. १५६’ हे मानक अधिक कडक केले. त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून व दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. पुण्याच्या टेकडीवर १९६६ पासून कार्यरत असलेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अशा चाचण्या करते. कारखान्यातील संच कंप, धक्का, पाणी, अतिभार, उष्णता अशा परीक्षांतून गेलेला असतो. पडवीतील संचाने एकही परीक्षा दिलेली नसते.

कायद्याची चौकट

ज्या सायकलीची मोटर २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची व कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, आणि जी मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने प्रमाणित केलेली आहे, ती मोटार वाहनाच्या व्याख्येत येत नाही. तिला नोंदणी किंवा परवाना लागत नाही. याच सवलतीचा आडोसा घेऊन काही जण मोठी मोटर व अधिक व्होल्टची विजेरी बसवितात. तसे करताच ते वाहन सवलतीबाहेर जाते. नोंदणीकृत स्कूटरमध्ये परस्पर फेरबदल करणे हेही मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मधील तरतुदींना धरून नाही. अपघात झाल्यास विम्याचा दावा अडचणीत येण्याचा संभव असतो, तो वेगळाच.

निकामी विजेरीबाबत २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आहेत. त्यानुसार जुनी विजेरी घरच्या कचऱ्यात टाकावयाची नाही. ती उत्पादकाच्या संकलन व्यवस्थेकडे अथवा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जावयास हवी. फुगलेला संच भंगारवाल्याच्या हातगाडीत टाकणे म्हणजे आपले संकट दुसऱ्याच्या दारी ढकलणे होय.

मग तरुणांनी करावे काय?

या साऱ्याचा अर्थ, तरुणांनी हात बांधून बसावे असा कोणी घेऊ नये. येथून जवळच, आपल्याच शिरूर तालुक्यात, पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रमाची स्थापना केली. मोठ्या उद्योगाच्या संशोधन केंद्रातील पद सोडून ते या कोरडवाहू भागात आले. हाताने काम करीत शिकणे हेच खरे शिक्षण, ही त्यांची धारणा होती. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तेथे आकारास आला. भूगर्भातील पाणी शोधण्यासाठी जमिनीचा रोध मोजणारे यंत्र, पाबळ डोम या नावाने ओळखली जाणारी घुमटाकार घरे अशी कामे तेथे झाली. २००२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने फॅब लॅब ही आधुनिक कर्मशाळाही तेथे उभी राहिली. तंत्रज्ञान खेडेगावाच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे म्हणण्याची सोय निदान या तालुक्याला राहिलेली नाही.

पाबळची शिकवण मात्र पूर्ण घ्यावयास हवी. तेथे काम आहे, तसे मापन आहे आणि मार्गदर्शकही आहे. आमच्या पडवीत फक्त काम होते. ज्या तरुणाला विजेरीचा व्यवसाय करावयाचा आहे, त्याने रीतसर प्रशिक्षण घ्यावे, मोजमापाची उपकरणे घ्यावीत, नवे घट वापरावेत. आरंभ सौर दिव्यासारख्या लहान संचापासून करावा. वाहनासाठी चाचणी झालेला तयार संच बसविणे, त्याची तपासणी करणे, सैल जोडण्या व बिघडलेले चार्जर शोधून काढणे, एवढ्या कामावरही या परिसरात एखाद्याचे घर चालू शकेल.

ग्रामपंचायतीकडे माझी तीन मागणी आहेत. पहिली, बाजाराच्या दिवशी वा ग्रामसभेच्या आधी विजेरी-तपासणीचा तास ठेवावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या निदेशकांना बोलवावे. प्रत्येक विजेरीवर व चार्जरवर घटाचा प्रकार आणि पूर्ण भरल्याचा व्होल्ट, म्हणजे ‘४२’ किंवा ‘४३.८’, असे ठळक रंगात लिहून द्यावे. यास खर्च रंगाच्या एका डबीचा येईल. एवढे अक्षर माझ्या चार्जरवर असते, तर आज मी आपणापुढे निराळ्या विषयावर बोलत असतो. दुसरी, जुन्या विजेऱ्या ठेवण्यासाठी वस्तीपासून दूर, कोरडी व सावलीची एक जागा नेमून द्यावी आणि त्या अधिकृत केंद्राकडे पोहोचविण्याची व्यवस्था करावी. तिसरी, कामगार भाड्याने राहतात त्या चाळींच्या मालकांना समज द्यावी की चार्जिंगची जागा जिन्याखाली किंवा एकमेव दरवाजापाशी असू नये. आग लागली तर पळण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे.

शिक्षकांनी मुलांच्या तोंडून घराघरांत पाच गोष्टी पोहोचवाव्यात. विजेरी त्याच्याच चार्जरने भरावी. रात्री सर्व झोपलेले असताना भरू नये. उन्हात तापलेली विजेरी निवल्यावरच भरावी. फुगलेली, वास येणारी किंवा पडून चेपलेली विजेरी वापरू नये आणि ती घराबाहेर मोकळ्या जागेत ठेवावी. धूर दिसताच आधी माणसे बाहेर काढावीत, शक्य असेल तर मुख्य वीजप्रवाह बंद करावा, १०१ किंवा ११२ क्रमांकावर कळवावे, पाणी मारावयाचे तर दुरून व भरपूर मारावे. विझलेली विजेरी पुन्हा पेटू शकते, म्हणून ती घरात परत आणू नये.

मित्रहो, ४५० वॉट-तास म्हणजे अर्ध्या युनिटाहूनही कमी वीज. एवढ्या विजेत एक कामगार कारखान्यात जाऊन घरी परत येतो, हे या युगाचे मोठे देणे आहे. ते आपण आनंदाने स्वीकारू. माझा पुतण्या आता आठवड्यातून दोन संध्याकाळी त्याच निदेशकांकडे शिकावयास जातो. गेल्या महिन्यात त्याने चाचणी झालेला तयार संच सायकलीला बसविला. तो पहिल्यांदा भरावयास लावला, तेव्हा आईने खुर्ची अंगणात मागविली आणि साडेपाच तास, संच पूर्ण भरेपर्यंत, ती सायकलीकडे पाहत बसून राहिली. आम्ही तिला आत चलण्यास सांगितले नाही. तिच्या शेजारी आणखी एक खुर्ची टाकून मीही बसलो.